९,९९० ऐवजी ५४

१. कोडे आणि त्याची मांडणी

चार माणसांना तासभर झुलवणारे कोडे बाहेरून आलेला पाचवा माणूस, त्या चौघांहून अधिक हुशार नसतानाही, थोडक्यात सोडवतो, असे का होते? या प्रश्नाला सहसा 'नवी नजर' हे उत्तर दिले जाते. परंतु ते उत्तर नसून त्या घटनेला दिलेले केवळ एक नाव आहे. नव्या नजरेला जुन्या नजरेपेक्षा वेगळे नेमके काय दिसते आणि त्यामुळे श्रम कसे वाचतात, हे सांगितल्याशिवाय त्या नावाने फारसे काही कळत नाही.

येथे कोडे आणि कोड्याची मांडणी यांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. मांडणी म्हणजे काय मोजायचे, काय सोडून द्यायचे आणि कोणत्या प्रश्नापासून सुरुवात करायची यांची निवड. आणि ही निवड पुष्कळदा सोडवणाऱ्याच्या नकळतच झालेली असते. एखाद्या कुस्ती स्पर्धेत ३७ मल्ल उतरले असून हरेल तो बाद असा नियम आहे, तर विजेता ठरेपर्यंत किती कुस्त्या होतील, हा प्रश्न घेऊ. सरळ मांडणीत फेऱ्या मोजल्या जातात: पहिल्या फेरीत १८ कुस्त्या होऊन एका मल्लाला पुढे चाल मिळते, उरलेल्या १९ जणांत ९ कुस्त्या होतात, मग १० जणांत ५, ५ जणांत २, ३ जणांत १ आणि शेवटची १, अशी ३६ ही बेरीज येते. दुसऱ्या मांडणीत लक्ष जिंकणाऱ्यांवरून हरणाऱ्यांकडे वळते. प्रत्येक कुस्तीत नेमका एक मल्ल बाद होतो आणि शेवटी एकालाच उरायचे असते. म्हणून ३६ जण बाद व्हायला ३६ कुस्त्या लागतात. मल्ल ३७ ऐवजी ३,७०० असले तरी दुसऱ्या मांडणीचे काम तेवढेच राहते, पहिलीचे मात्र लांबत जाते. उत्तर एकच असले तरी दोन वाटांमधला हा फरक या प्रकरणाचा विषय आहे.

२. मळलेली वाट

मांडणी बदलणे इतके सोपे असेल, तर ती सुचत का नाही? अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेले पाण्याच्या भांड्यांचे प्रयोग यासंदर्भात आजही उदाहरण म्हणून दिले जातात. तीन भांड्यांत अनुक्रमे २१, १२७ आणि ३ मापे पाणी मावते आणि नेमके १०० मापे पाणी हवे आहे. मोठे भांडे भरून त्यातून पहिले भांडे एकदा आणि तिसरे दोनदा भरून काढले की १२७ मधून २१, ३ आणि पुन्हा ३ वजा होऊन १०० उरतात. याच रीतीने सुटणारी काही उदाहरणे ओळीने सोडवून घेतल्यावर २३, ४९ आणि ३ मापांची भांडी देऊन २० मापे पाणी मागितले, तेव्हा पुष्कळांनी पुन्हा तीच लांब रीत वापरली, कारण ४९ मधून २३, ३ आणि ३ वजा केले तरी २० उरतातच. २३ मधून केवळ ३ काढायचे त्यांना दिसले नाही. ज्यांना आधीची उदाहरणे दिलेली नव्हती, त्यांना मात्र ही छोटी वाट सहज दिसली.

बाहेरून आलेल्या पाचव्या माणसाचा लाभ येथे स्पष्ट होतो: त्याला अधिक काही ठाऊक असते असे नव्हे, तर त्याच्या पायाला जुन्या वाटेची सवय नसते. तथापि एवढ्यावरून अज्ञान हाच नव्या नजरेचा उगम मानणे घाईचे ठरेल. पुढील दोन्ही उदाहरणांतील माणसे आपापल्या विषयात वर्षानुवर्षे मुरलेली होती, आणि त्यांतील पहिला तर नाशिककरांच्या शेजारचाच होता.

३. देवळालीच्या शिक्षकांची संख्या

नाशिक शहराच्या दक्षिण भागात अंबडचा औद्योगिक परिसर आहे, आणि तेथून काही मैलांवर असलेल्या देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत शाळेत शिकवत होते. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे पदव्युत्तर शिक्षण न घेता ते शिक्षकाच्या पेशात आले आणि संख्यांचे गुणधर्म शोधण्याचा छंद त्यांनी १९८६ मध्ये निधन होईपर्यंत सोडला नाही. विद्यापीठीय गणितज्ञांपैकी अनेकांना हे काम बराच काळ निव्वळ करमणुकीचे वाटत होते. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्याविषयी लिहिल्यावर कापरेकरांचे नाव जगभर पोचले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४९ सालचा असून तो चार अंकी संख्यांसंबंधी आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून एक संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून दुसरी करावी, मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. डावीकडे शून्य आले तरी ते टाकून न देता अंक चारच राखावेत. अंबडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या 'एमएच १५' मालिकेतील कोणत्याही वाहनाच्या पाटीवर या खेळासाठी लागणारे चार अंक मिळतात. समजा, ते ४५०५ आहेत. मग ५५४० मधून ०४५५ वजा करून ५०८५ येतात. ८५५० मधून ०५५८ वजा करून ७९९२. ९९७२ मधून २७९९ वजा करून ७१७३. ७७३१ मधून १३७७ वजा करून ६३५४. ६५४३ मधून ३४५६ वजा करून ३०८७. ८७३० मधून ०३७८ वजा करून ८३५२. आणि ८५३२ मधून २३५८ वजा करून ६१७४. यापुढे क्रिया केली तरी ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४ च येतात. चारही सारखे नसतील तर पाटीवरचे अंक कोणतेही असोत, जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत मुक्काम ६१७४ लाच होतो. ४५०५ ला नेमक्या ७ पायऱ्या लागल्या, म्हणजे ही वाट सर्वांत लांब वाटांपैकी एक झाली. ६१७४ ला आता 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. स्थिरांक म्हणजे क्रिया केली तरी न बदलणारी संख्या.

कापरेकरांची पहिली नवी नजर प्रश्नातच आहे. संख्या सम आहे की विषम, मूळ आहे की संयुक्त, असे तिच्या स्वभावाविषयीचे प्रश्न शाळेत विचारले जातात. कापरेकरांनी एकच साधी क्रिया पुन्हा पुन्हा केल्यास संख्या शेवटी कोठे जाते, हा प्रवासाविषयीचा प्रश्न विचारला. परंतु श्रम वाचवणारी नजर यानंतरच्या टप्प्यावर, म्हणजे हा दावा खरोखर सर्व संख्यांना लागू आहे याची खात्री करताना कामी येते.

४. वजाबाकी काय विसरते

०००० पासून ९९९९ पर्यंत १०,००० संख्या आहेत. त्यांतून चारही अंक सारखे असलेल्या १० वगळल्या की ९,९९० उरतात. प्रत्येकीवर सात पायऱ्यांपर्यंत वजाबाक्या करत बसणे एखाद्या माणसाला अशक्य नाही, परंतु ते काम महिन्यांचे आहे आणि त्यात एखादी वजाबाकी चुकली तर ती सापडणेही कठीण. येथे थांबून एक वेगळा प्रश्न विचारावा लागतो: या क्रियेला मूळ संख्येतील नेमके काय लक्षात राहते?

आधी तीन अंकांवर हे पाहणे सोपे जाते. ७५२ हे अंक घेतले तर ७५२ मधून २५७ वजा करायचे असतात. सर्वांत मोठा अंक ७ पहिल्या संख्येत शतकस्थानी असल्याने १०० पट मोजला जातो आणि दुसऱ्या संख्येत एककस्थानी असल्याने एकपट वजा होतो, म्हणून तो ९९ पट उरतो; सर्वांत लहान अंक २ याच्या उलट ९९ पट वजा होतो; मधला ५ दोन्ही संख्यांत दशकस्थानीच असल्याने वजाबाकीत पूर्णपणे पुसला जातो. म्हणजे उत्तर केवळ मोठ्या आणि लहान अंकांतील फरकाच्या ९९ पट असते: ५ गुणिले ९९, म्हणजे ४९५. शिडीवर वरखाली उभ्या असलेल्या दोन गवंड्यांपैकी कोण कितव्या पायरीवर आहे यावर त्यांच्यामधील दोराची लांबी ठरत नाही, दोघांतील अंतरावर ठरते. वजाबाकीही पायरी विसरते आणि अंतर तेवढे लक्षात ठेवते.

हा फरक १ पासून ९ पर्यंतच असू शकतो. म्हणून तीन अंकी ९९० संख्यांपैकी कोणतीही घेतली तरी पहिल्या पायरीनंतर ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२ आणि ८९१ या नऊंपैकीच एक येते, आणि त्या नऊंची तपासणी एका दमात संपते: ०९९ वरून ८९१, तेथून ७९२, मग ६९३, मग ५९४ आणि शेवटी ४९५; १९८, २९७ आणि ३९६ याच साखळीत अनुक्रमे ७९२, ६९३ आणि ५९४ पाशी येऊन मिळतात. तीन अंकांचा स्थिरांक ४९५ आहे याची सिद्धता येथेच पूर्ण झाली, आणि तीही पाटीवर मावेल एवढ्या जागेत.

चार अंकांना याच विचाराची आणखी एक पायरी लागते. सर्वांत मोठा अंक १,००० पट मिळून एकपट जातो, म्हणून बाहेरच्या दोन अंकांतील फरक ९९९ ने गुणला जातो. मधल्या दोन अंकांपैकी मोठा १०० पट मिळून १० पट जातो, म्हणून त्यांच्यातील फरक ९० ने गुणला जातो. ५५४० मध्ये बाहेरचा फरक ५ आणि मधला फरक १ आहे. ५ गुणिले ९९९ म्हणजे ४,९९५, त्यात ९० मिळवले की वर आलेले ५०८५ मिळतात. आता चार अंकांऐवजी केवळ दोन फरकांचा विचार करायचा उरतो. मधले अंक बाहेरच्या अंकांच्या दरम्यान असल्याने मधला फरक बाहेरच्यापेक्षा मोठा होऊ शकत नाही. बाहेरचा फरक १ असेल तर मधल्याला ० आणि १ अशा दोन शक्यता असतात, तो २ असेल तर तीन, आणि असेच वाढत ९ असेल तर दहा. २ पासून १० पर्यंतच्या संख्यांची बेरीज ५४ होते. पहिल्याच वजाबाकीत ९,९९० संख्यांचा जमाव ५४ दारांतून आत येतो, आणि तपासायची असतात ती एवढीच दारे.

त्यांतही काही दारे एकाच खोलीत उघडतात. फरक ८ आणि ३ असतील तर ८२६२ येतात, ८ आणि ७ असतील तर ८६२२. दोन्हींतील अंक तेच असल्याने पुढची पायरी एकच होते. अशा जोड्या एकत्र केल्या की ५४ च्या जागी ३० उरतात, आणि ३० संख्यांचा प्रवास वहीच्या एका पानावर कोणताही चिकाटीचा विद्यार्थी पूर्ण करू शकतो.

संगणक आज ९,९९० संख्या क्षणार्धात तपासतो, तेव्हा एवढा खटाटोप कशासाठी, अशी शंका येथे कोणी घेईल. संगणक 'होय' एवढेच सांगतो. ९९९ आणि ९० यांच्यापर्यंत पोचलेली नजर कारणही सांगते, आणि ते कारण दुसऱ्या ठिकाणी नेता येते. दोन अंकी संख्यांत उत्तर फरकाच्या ९ पट येते आणि तेथे स्थिरांक नसून ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशी फेरी आहे, हे त्याच विचाराने दोन ओळींत मिळते. पाच अंकी संख्यांनाही एकच मुक्काम नाही. त्या निरनिराळ्या फेऱ्यांत अडकतात.

५. उलटा प्रश्न

कापरेकरांच्या आणखी एका कल्पनेचा येथे ओझरता उल्लेख पुरेसा आहे. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते: १५ मध्ये १ आणि ५ मिळवून २१. आता बाजू उलटवून, कोणती संख्या कोणापासून जन्मली असे विचारले, तर संख्यांना जणू वंशावळ लाभते. १०० चा जन्म ८६ पासून झाला. १०१ ला मात्र ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत. आणि २०, ३१, ४२ किंवा खुद्द ८६ यांना जनकच नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी 'स्वयंभू संख्या' म्हटले. हे नाव मराठी वाचकाला न समजावताही समजते, आणि कापरेकरांची नावे ठेवण्याची हातोटी त्यांच्या गणिताइतकीच दाद देण्याजोगी आहे.

६. अंबडमधील कारखान्याचा प्रश्न

आता संख्यांच्या खेळातून कामाच्या जागी यावे. अंबड औद्योगिक वसाहतीत यंत्रभाग तयार करणारे लहानमोठे अनेक कारखाने आहेत. समजा, अशा एखाद्या कारखान्यात चार सीएनसी यंत्रे आणि चार ऑपरेटर आहेत, आणि कातकाम करताना धार थंड ठेवण्यासाठी सोडायच्या चार प्रकारच्या कूलंटपैकी कोणते चांगले, हे ठरवायचे आहे. एका कूलंटची चाचणी नव्या यंत्रावर आणि दुसऱ्याची जुन्या यंत्रावर घेतली तर निकाल कूलंटचा की यंत्राचा हे कळणार नाही. कसलेल्या आणि नवशिक्या ऑपरेटरांच्या बाबतीतही तसेच. प्रत्येक यंत्र, प्रत्येक ऑपरेटर आणि प्रत्येक कूलंट यांचे सर्व मेळ तपासायचे तर ४ गुणिले ४ गुणिले ४ म्हणजे ६४ चाचण्या होतात. त्यातच धातू कापणाऱ्या पात्याचे, ज्याला कारखान्यात इन्सर्ट म्हणतात त्याचेही चार प्रकार पारखायचे ठरले, तर २५६. उत्पादन थांबवून इतक्या चाचण्या घेणे कोणत्याही मालकाला परवडणारे नाही.

नवी मांडणी अशी, की सर्व मेळ तपासण्याचा हट्ट सोडून तुलना न्याय्य होण्यास काय पुरेसे आहे ते विचारायचे. प्रत्येक कूलंटच्या वाट्याला प्रत्येक यंत्र एकदा आणि प्रत्येक ऑपरेटर एकदा आला, की यंत्रांचा आणि माणसांचा बरेवाईटपणा सर्व कूलंटांना सारखाच भोवतो आणि सरासरीच्या तुलनेत तो आपोआप निघून जातो. पुढील चौकोनात आडव्या रांगा म्हणजे यंत्रे, उभे स्तंभ म्हणजे ऑपरेटर, अक्षरे म्हणजे कूलंट आणि आकडे म्हणजे इन्सर्ट असे समजावे.

क१  ख२  ग३  घ४
ख३  क४  घ१  ग२
ग४  घ३  क२  ख१
घ२  ग१  ख४  क३

प्रत्येक रांगेत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक अक्षर एकदाच येते. अशा रचनेला लॅटिन चौकोन म्हणतात. आकड्यांचाही तसाच लॅटिन चौकोन झाला आहे. शिवाय प्रत्येक अक्षराची प्रत्येक आकड्याशी नेमकी एकदाच गाठ पडते: क ला १, ४, २ आणि ३ हे चारही भेटतात, आणि ख, ग, घ यांनाही. एकमेकांत असे बसणाऱ्या दोन लॅटिन चौकोनांच्या जोडीला, पूर्वी एकात लॅटिन आणि दुसऱ्यात ग्रीक अक्षरे वापरली जात म्हणून, ग्रीक-लॅटिन चौकोन म्हणतात. यामुळे २५६ चाचण्यांचे काम १६ चाचण्यांवर येते. एक अट मात्र विसरता कामा नये: अमुक कूलंट तमुक इन्सर्टबरोबरच विशेष चांगले चालते, असे जोडीचे परिणाम मोठे असतील तर ही काटकसर फसवी ठरू शकते.

ही पद्धत मुळात शेतीच्या प्रयोगांतून रुळली. शेताचा कस एका बांधाकडून दुसऱ्या बांधाकडे बदलत जातो, आणि तो आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी बदलू शकतो. म्हणून रोनल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात वाफ्यांची विभागणी लॅटिन चौकोनानुसार करण्याची रीत रूढ केली. शेतातल्या वाफ्यांपासून निघालेली ही वाट पुढे शुद्ध गणितातील एका जुन्या कोड्यापर्यंत पोचली.

७. ऑयलरचा अंदाज आणि बाहेरून आलेले उत्तर

कारखान्यात यंत्रे, ऑपरेटर, कूलंट आणि इन्सर्ट चारचार नसून सहासहा असते तर? हा प्रश्न लेओनार्ड ऑयलर या थोर स्विस गणितज्ञाने वेगळ्या वेषात विचारला होता: सहा पलटणींतून प्रत्येकी सहा हुद्द्यांचे एकेक असे ३६ अधिकारी घेतले, तर त्यांना ६ बाय ६ च्या चौकोनात अशा रीतीने उभे करता येईल का, की प्रत्येक रांगेत आणि स्तंभात प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकदाच यावा? विषम संख्यांसाठी आणि ४ च्या पटींसाठी असे चौकोन करण्याच्या रीती ऑयलरला ठाऊक होत्या. २ चा चौकोन होत नाही हे उघडच दिसते, ६ चा त्याला करता आला नाही. तेव्हा १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याने असा अंदाज मांडला, की ६, १०, १४, १८, २२ अशा, म्हणजे ४ च्या पटीहून २ ने अधिक असलेल्या कोणत्याही संख्येचा ग्रीक-लॅटिन चौकोन अस्तित्वात नसावा.

गास्ताँ तारी या फ्रेंच अभ्यासकाने १९०१ च्या सुमारास सर्व प्रकार चिकाटीने हाताने तपासून ६ चा चौकोन अशक्य असल्याचे सिद्ध केले. त्याच्या श्रमांविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते, की या यशाने ऑयलरच्या उरलेल्या अंदाजाला नसलेले वजन मिळाले. १० साठी तसाच शोध घेणे हाताने शक्यच नव्हते, आणि पुढे संगणकावर केलेला प्रयत्नही हाती काही न लागता सोडावा लागला. एकेक घर भरून पाहायचे आणि अडले की मागे यायचे, ही मांडणीच येथे थिटी पडत होती.

ही मांडणी बदलणाऱ्यांत शरच्चंद्र शंकर श्रीखंडे हे मराठी गणितज्ञ होते. १९ ऑक्टोबर १९१७ रोजी सागर येथे जन्मलेले श्रीखंडे नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले; अमेरिकेतील चॅपल हिल येथे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्यांनी राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० मध्ये डॉक्टरेट मिळवली; पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते प्रमुख झाले आणि २०२० मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. बोस आणि श्रीखंडे दोघेही प्रयोगांच्या आखणीच्या शास्त्रातून आलेले असल्याने त्यांच्या विचारात चौकोनापेक्षा गट आधी येत: इतक्या वस्तूंचे असे गट पाडायचे, की कोणत्याही दोन वस्तू नेमक्या एकाच गटात एकत्र याव्यात. वाफ्यांवर वाणांची वाटणी करताना हाच प्रश्न रोज पडतो.

२२ चा चौकोन या नजरेने कसा दिसतो, हे एका जुन्या कोड्याच्या आधाराने समजावता येते. थॉमस कर्कमन याने १८५० मध्ये विचारले होते, की १५ विद्यार्थिनी रोज तिघीतिघींच्या पाच रांगा करून फिरायला जातात, तर सात दिवसांचे असे वेळापत्रक करता येईल का, की कोणत्याही दोघी एका रांगेत नेमक्या एकदाच याव्यात? असे वेळापत्रक करता येते. आता १५ विद्यार्थिनी आणि ७ वार मिळून २२ वस्तू मानाव्यात. प्रत्येक दिवसाच्या प्रत्येक रांगेत त्या दिवसाचा वार चौथा सदस्य म्हणून घालावा आणि सातही वारांचा एक वेगळा गट करावा. चौघांचे ३५ गट आणि सातांचा एक गट झाला. दोन मुली एकाच गटात एकदाच येतात, मुलगी आणि वार यांचेही तसेच, आणि दोन वार केवळ वारांच्या गटात भेटतात. पडताळा घ्यायचा तर ३५ गटांत प्रत्येकी ६ अशा २१० जोड्या आणि सातांच्या गटात २१, मिळून २३१ होतात. २२ वस्तूंच्या एकूण जोड्याही २२ गुणिले २१ भागिले २, म्हणजे २३१ च आहेत.

यानंतर २२ चा चौकोन भरताना अडखळत जाण्याचे कारण राहत नाही. एखादे घर कोणत्या रांगेत आणि कोणत्या स्तंभात आहे ते पाहावे. ती रांग आणि तो स्तंभ ज्यांच्या नावाचे आहेत त्या दोन वस्तू ज्या एका गटात भेटतात, त्या गटाच्या लहान चौकोनातून त्या घराची नोंद उचलावी. रांग आणि स्तंभ एकाच वस्तूचे असतील तेथे ती वस्तूच दोनदा लिहावी, आणि लहान चौकोनांचा कर्णही तसाच ठेवावा. लहान चौकोन ४ चे आणि ७ चे आहेत, आणि ते तयार करणे ऑयलरच्या काळापासून अवघड नव्हते. गोधडी शिवावी तसा मोठा चौकोन लहान तुकड्यांचा होतो, आणि कर्णाबाहेरचे कोणतेही घर दोन तुकड्यांखाली येत नसल्याने कोठे घडी पडत नाही.

१९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी २२ चा चौकोन असतो हे दाखवले, अमेरिकी गणितज्ञ अर्नेस्ट पार्कर यांनी १० चा चौकोन तयार केला, आणि मग तिघांनी मिळून २ आणि ६ वगळता ऑयलरने वर्ज्य ठरवलेल्या प्रत्येक संख्येचा चौकोन अस्तित्वात असल्याचे सिद्ध केले. १७७ वर्षांचा अंदाज कोसळला, आणि ही बातमी त्या वर्षी २६ एप्रिलला 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर आली. गणितज्ञांनी तिघांना गमतीने 'ऑयलरचा बेत बिघडवणारे' म्हटले, तरी दोष ऑयलरवर टाकणे योग्य नाही. त्याने अंदाजाला अंदाजच म्हटले होते, त्याचे सिद्धांतात रूपांतर केले ते पुढच्या पिढ्यांच्या समजुतीने.

म्हणजे अंबडच्या त्या कारखान्यात यंत्रे, ऑपरेटर, कूलंट आणि इन्सर्ट सहासहा असतील तर ३६ चाचण्यांत न्याय्य तुलना होणार नाही, पण तेच दहादहा असतील तर १०,००० मेळांऐवजी १०० चाचण्यांत ती होईल. त्यावर कापण्याच्या दहा वेगांचा पाचवा घटक घालायचा झाला, तर एकमेकांत बसणारे १० चे दोन नव्हे, तीन लॅटिन चौकोन लागतील. ९ चौकोनांचा पूर्ण संच १० साठी असू शकत नाही, हे १९८९ मध्ये क्लेमेंट लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या प्रचंड गणनेने दाखवले. केवळ तीन चौकोन एकत्र बसतात की नाही, हे मात्र अद्याप कोणालाही ठरवता आलेले नाही.